डाव्या हाताचं काम

खालच्या रमाबाई रविवारी सकाळी ताटली हातात घेऊनच वर आल्या. ताटलीत पोहे, पोह्यांवर ओलं खोबरं, कोथिंबीर आणि मधोमध पांढुरकं पाणी साचलेलं. "अगो मृणाल, हे बघ," म्हणाल्या, "पहिला घास घेत्ये तोच वरून टपकन्! मला आधी वाटलं पालच पडली." मी ताटलीत बघत राहिले. दुसऱ्या एखादीला हसू फुटलं असतं, नाहीतर मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. मला काहीच झालं नाही. शेंगदाणे बरेच घातलेत यांनी, एवढंच मनात आलं. खरं म्हणजे आमच्या बाथरूमखाली त्यांचंही बाथरूमच होतं. त्यांच्या मुलाने ते मोडून तिथे जेवायचं टेबल टाकलं तेव्हा अख्ख्या सोसायटीने त्याला सांगून बघितलं होतं, की बाबा रे, लोकांच्या बाथरूमखाली जेवायला बसू नये. पण हे बोलायची ती वेळ नव्हती आणि माझ्यात भांडायचंही त्राण नव्हतं. "भिंतसुद्धा ओली झाल्ये," रमाबाई म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचा आवाज जरा उतरला. "सिद्धेशची कंबर कशी आहे आता? बरी असली तर सांग हो त्याला. तो काय, पाच मिनिटांत करील. त्याच्या डाव्या हाताचं काम." मी "सांगते" म्हटलं आणि दार लावलं. दाराला पाठ लावून उभी राहिले. सोसायटीला मी कंबर सांगितली आहे. कंबर सांगितली की लोक तेल सुचवतात, कल्याणचा कोणी हाडवैद्य सुचवतात आणि जातात. खरं सांगितलं तर बसतात.

डाव्या हाताचं काम. बोलायला सगळं जग बोलतं, पण आमच्या घरात ते अक्षरशः खरं होतं. सिद्धेश डावरा. जन्माचा डावरा, पण फार कमी लोकांना माहीत आहे, कारण माझ्या सासूबाईंनी, गोदूबाईंनी, तो हात लहानपणीच मारून-मुटकून गप्प केलेला. जेवायला बसला की त्याचा डावा हात त्या आपल्या पदराला बांधून ठेवायच्या. डावा हात पुढे करून प्रसाद घेतला की चारचौघांत चापट. त्यामुळे तो जेवतो उजव्याने, लिहितो उजव्याने (अक्षर असं की कोंबडीचे पाय बरे), नमस्कार-चमत्कार सगळं उजव्याने. फक्त हातात पाना आला की डावा. कारण ओट्याखाली डोकं घातलेल्या माणसाकडे कोण बघायला येतंय? तिथे आई नाही, गुरुजी नाहीत. आम्ही दोघं ठाण्याच्या एकाच कॉलेजातले, तो केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये असिस्टंट, मी ऑफिसात ॲडमिशनच्या खिडकीत. तीन वर्षं ओळखत होतो एकमेकांना, पण लग्नानंतर गीझरचा पाईप बदलताना मी त्याला पहिल्यांदा डाव्या हाताने काम करताना पाहिलं आणि हा कोणी दुसराच माणूस आहे असं मला वाटलं. मोकळा. तोंडाने काहीतरी गुणगुणतोय, पान्याची पेटी न बघता चाचपतोय, मी बाजूला उभी आहे हे विसरलाय. त्या माणसाच्या मी प्रेमात पडले. त्याच्या आधी नुसतं लग्न केलं होतं.

प्लंबर हा शब्द आमच्याकडे शिवीसारखा होता. "आपला हात जगन्नाथ," तो म्हणायचा आणि डावा हात वर करून दाखवायचा. घर त्यामुळे सगळं त्याच्या हाताचं झालं. गरम पाण्याचा नळ उजवीकडे, गारचा डावीकडे. दाराच्या कड्या उलट्या सरकणाऱ्या. कपाटाची दारं नको त्या बाजूला उघडणारी. पाहुण्यांचा हात भाजला की तो मनापासून सॉरी म्हणायचा आणि कधीच काही बदलायचा नाही. माझी आई तर आमच्याकडे आंघोळीला जाताना देवाचं नाव घेऊन जायची. मी चिडायचे, "अरे, हे घर आहे की तुझी प्रयोगशाळा?" तर म्हणायचा, "एवढ्या जगात एक तरी जागा आपल्या बाजूने उघडायला नको?" त्या वेळी मला तो चावटपणा वाटायचा.

काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. लोकांना कारण लागतं. नोकरी गेली का, कोणी वारलं का, बाहेर काही लफडं होतं का. नाही हो. दिवाळी झाली, फराळाचे डबे रिकामे झाले, आणि एका सोमवारी तो बूट घालायला स्टुलावर बसला तो बसलाच. एक बूट पायात, एक हातात. मी म्हटलं, "अरे उशीर होतोय." तो म्हणाला, "हो." आणि हातातल्या बुटाकडे बघत राहिला. मला तेव्हा रागच आला होता. मी त्याच्या पुढ्यातून निघून गेले, रिक्षा पकडली, ऑफिसात दिवसभर पोरांचे दाखले काढत बसले. संध्याकाळी आले तर बूट तसाच, एक पायात. त्यानंतर तो हळूहळू आतल्या खोलीत सरकला. आधी पुढच्या खोलीत बसायचा, मग बसायचा कमी आणि पडायचा जास्त, मग पलंगाची भिंतीकडची बाजू. जेवण दिलं की जेवतो. आंघोळीला चल म्हटलं तर येतो. विचारलं तर उत्तर देतो, एका शब्दाचं. भांडत नाही, रडत नाही. त्याला बघून मला सुरुवातीला धडकी भरायची. नंतर तीही भरेनाशी झाली. मीही तशीच होत गेले. आमटीत मीठ नाही हे मला ताट धुताना लक्षात यायचं. ऑफिसातल्या रसिकाने एकदा विचारलं, "मॅडम, तुम्ही कोणावर चिडत नाही आजकाल?" चिडायला आत काहीतरी शिल्लक लागतं, पण हे तिला कुठे सांगत बसू.

कल्याणच्या डॉक्टर तरुण आहेत, चांगल्या आहेत. गोळ्या दिल्या, त्याच्याशी बोलल्या, मग त्याला बाहेर बसवून मला म्हणाल्या, "औषध काम करेल, वेळ लागेल. घरात त्यांच्यावर एखादं लहानसं काम सोपवा. जमेल असं काहीतरी. भाजी निवडणं, झाडांना पाणी घालणं. तुम्ही सगळं करून टाकू नका." परत येताना पत्री पुलावर रिक्षा अडकून पडली होती. मी त्याचा हात हातात घेऊन बसले होते आणि काम शोधत होते. सिद्धेश आणि भाजी निवडणार? मेथीची काडी न् काडी ठेवेल. आणि घरी येऊन कुलूप काढलं तर आतून आवाज. टप. बाथरूमचा नळ गळायला लागला होता. मला तो नळ देवाने धाडल्यासारखा वाटला. हे आता हसण्यासारखं आहे, पण त्या दिवशी मी नळाखाली बादली ठेवली ती तीर्थाखाली तांब्या धरावा तशी. आत जाऊन मुद्दाम साध्या आवाजात म्हटलं, "सिद्धेश, नळ गळतोय रे बाथरूमचा." तो म्हणाला, "बघतो."

बघतो! किती दिवसांनी त्याच्या तोंडून क्रियापद आलं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन शिरा केला, भरपूर बेदाणे घालून. दुसऱ्या दिवशी पुन्हा आठवण केली, पुन्हा "बघतो". मग "बघतो"चं "हं" झालं. मग नुसता मानेचा हलका हिसका. मी विचारायचं सोडलं, पण बादली उचलली नाही. नळ आणि पलंग यांच्यामध्ये एक भिंत, तीही चार इंची. ऐकू जाणारच होतं त्याला, आणि मला तेच हवं होतं. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की ज्या दिवशी हा नळ तो दुरुस्त करेल त्या दिवशी तो उठला. बाकी काही नको मला. नोकरीवर नको जाऊ, माझ्याशी नको बोलू, पण हा नळ कर. ठाण्याहून आले की किल्ली लावायच्या आधी मी बाहेरच उभी राहून ऐकायचे. आत शांत असलं तर तो उठला. टप आलं की कळायचं, आजही नाही. समोरच्या दारातून कोणी आलं तर मी पर्समध्ये किल्ली शोधत असल्याचं नाटक करायचे.

लेक संचिता पुण्याला नोकरीला आहे. तिने एकदा फोनवर तो आवाज ऐकला. "आई, ते काय वाजतंय? ॲपवरून माणूस मागव ना, अर्ध्या तासात येतो. नाहीतर यूट्यूबवर बघून तूच कर. त्यात काय एवढं?" मी म्हटलं, "करू गं." ती म्हणाली, "बाबांसाठी ठेवलायस का तो नळ?" पोरगी नको तितकी हुशार. मी "आवाज तुटतोय तुझा" म्हणून फोन ठेवला. पण तिचं ते 'तूच कर' डोक्यात राहिलं. गेल्या रविवारी ठाकुर्लीच्या पुलापाशी जो हार्डवेअरवाला आहे त्याच्याकडे गेले आणि वायसर द्या म्हटलं. "कितीचा? अर्धा इंची का पाऊण?" मला काय ठाऊक. "मग नमुना आणा ताई, जुना काढून आणा." म्हणजे वायसर आणायला आधी नळ उघडायचा आणि उघडायचा कसा ते माहीत असतं तर मी इथे कशाला उभी राहिले असते? "मिस्टरांना पाठवा ना," तो म्हणाला, "ते आले की आमचं काम सोपं. दिसले नाहीत बरेच दिवस." "कंबर," मी म्हटलं.

रिकाम्या हाताने घरी आले आणि त्याची पेटी काढली. आता एक गोष्ट कबूल करायला हरकत नाही. मला नळ दुरुस्त करायचाच नव्हता. मला तो वाजवायचा होता. मी साधा खिळा ठोकायला घेतला तरी सिद्धेश जिथे असेल तिथून यायचा, "दे इकडे, वाट लावशील." दुसऱ्याने पाना चुकीचा धरलेला त्याला बघवायचाच नाही. म्हणून मी आतल्या खोलीचं दार उघडं ठेवलं, बाथरूमचं उघडं ठेवलं, पाना दोनदा फरशीवर पाडला आणि मग नळ आवळायला घेतला. गळतोय ना, मग आवळा. आपल्याला एवढंच कळतं. आवळला. मूठ जिथपर्यंत फिरली तिथपर्यंत फिरवली, मग पाना लावून फिरवली, मग भिंतीला पाय लावून सगळं अंग घातलं. भिंतीच्या आत कुठेतरी कट् झालं. आणि तेवढ्यात पलंग करकरला. मी हातातला पाना तसाच धरून थांबले. त्याची पावलं. अनवाणी, फरशीवर, सावकाश. मी वळून बघितलं नाही. मला वाटलं, बघितलं तर परत जाईल. मी नुसती वाट बघत होते, दे इकडे म्हणेल, कसलं ते आवळणं म्हणेल, काहीही म्हणू दे. पावलं त्याच्या खोलीच्या दारापर्यंत आली. मग दार लोटलं गेलं. आपटलं नाही, अगदी हळू, कोणी झोपलं असेल तर जागं होऊ नये तसं. पावलं परत गेली आणि पलंग पुन्हा करकरला.

आपणहून उठला तो दार लावायला उठला. मी बाथरूमच्या पाटावर बसून राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नळ आता फिरतही नव्हता, मूठ जागच्या जागी अडकलेली, थेंब मात्र आपला चालूच. आणि भिंतीत जे कट् झालं होतं ते आठवडाभर आतल्या आत झिरपत झिरपत आज रमाबाईंच्या पोह्यांत उतरलं होतं.

तर दाराला पाठ लावून मी उभी होते. हातात फोन. वॉचमनने कधीतरी दिलेला नंबर त्यात होता, कमलेश प्लंबर म्हणून. एक बटण दाबायचं, बस. जगात लोक रोज प्लंबर बोलावतात आणि त्यांच्या छातीत काही होत नाही. पण आमच्या घरात दुसऱ्या माणसाचा पाना वाजणं म्हणजे सिद्धेशला तोंडावर सांगणं होतं, की तू आता नाहीस, आम्ही तुझ्यावाचून चालवायला घेतलंय. आणि मग त्याने उठायचं कशासाठी? मी आत डोकावले. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. पाठ माझ्याकडे. बनियन मानेजवळ उसवलेला. "रमाबाई आलेल्या," मी म्हटलं. "त्यांच्याकडे गळतंय." काही नाही. खाली म्हातारी बाई ओल्या भिंतीला तोंड करून बसली असणार, आणि आठवडाभर थांबले तर छताचा पोपडा तिच्या डोक्यात पडेल. माझी आशा माझ्या घरात ठीक आहे, दुसऱ्याच्या ताटात पडायला नको. मी गॅलरीत गेले, काचेचं दार सरकवून घेतलं आणि चोरून फोन केला.

कमलेश तासाभरात आला तो मोठ्याने बोलतच. "नमस्कार ताई! कुठाय आपला पेशंट?" मी दचकले. मग कळलं, नळाला म्हणतोय. "हळू बोला, आत झोपलेत," मी म्हटलं. तो हळू बोलणाऱ्यातला नव्हता. बाथरूममध्ये शिरून त्याने आधी हात धुवायला बेसिनचा नळ सोडला आणि "आईच्यान!" म्हणून ओरडला. "ताई, गरम इकडे कोणी लावलाय? उलटी फिटिंग केलीय सगळी. कोण डावरा होता का घरात?" "होता नाही," मी म्हटलं, "आहे." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, इतका तो धारदार निघाला. कमलेशने माझ्याकडे बघितलं, बंद दाराकडे बघितलं आणि पिशवी उघडली. "मूठ कोणी आवळलीय एवढी? जाम झालीय पार. आतला एल्बो, पाईपाचा वळणाचा जोड, तो पण गेला असणार. मेन कॉक कुठाय?"

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी या घरात राहते आणि घराचं पाणी कुठून बंद होतं ते मला माहीत नव्हतं, कारण विचारायची कधी वेळच आली नाही. मी आतलं दार ढकललं. मनात म्हटलं, आता उठ. हे फक्त तुलाच माहीत आहे. "सिद्धेश, मेन कॉक कुठाय रे?" मग भिंतीकडूनच आवाज आला, "माळ्यावर." बस. कोण आलंय विचारलं नाही, कशाला हवाय विचारलं नाही. मी जरा रेंगाळले. मग बाहेर येऊन कमलेशला स्टूल दिलं.

माळ्यावर टाकीमागे डोकं घालून तो म्हणाला, "बंदच आहे की हा. दांडा आडवा आहे. बेसिनची लाईन वेगळी असणार." खाली उतरून त्याने नळाला पाना लावला. नळ जाम, त्यातून पहिल्यासारखाच थेंब. "हे पाईपातलं उरलंसुरलं," त्याने मला समजावलं, दोनदा हिसका दिला, आणि नळ सुटून त्याच्या हातात आला. पाणी त्याच्या तोंडावर, छातीवर, तिथून दारातून सरळ माझ्या अंगावर. काय जोर तो! बादली उलटली, मग तरंगायला लागली, कमलेश दोन्ही तळहात भोकावर दाबून "ताई, कॉक! ताई, कॉक!" करत होता आणि पाणी त्याच्या बोटांमधून चारी दिशांना उडत होतं. मी ओरडले. "सिद्धेश!" प्लंबरला नाही, वॉचमनला नाही. घरात काही फुटलं, तुटलं, जळलं की गेली इतकी वर्षं माझ्या तोंडून एकच नाव निघतं, ते निघालं. "सिद्धेश, अरे ये ना!" आत पलंग करकरला. मी दाराकडे बघत राहिले, पाणी डोळ्यांत जात होतं तरी बघत राहिले. दार हललं नाही.

मग मीच स्टुलावर चढले. साडी ओली, पाय घसरतोय, माळ्यावर अंधार. दांडा हाताला लागला; आडवाच होता. आडवा म्हणजे बंद, हे कमलेशला माहीत होतं, हार्डवेअरवाल्याला माहीत असणार, सगळ्या डोंबिवलीला माहीत असणार. पण हे घर सिद्धेशचं. मी डावा हात घालून दांडा सरळ केला. खालचं पाणी हळूहळू बसलं. "अरे तिच्यायला, उलटा लावलाय!" खालून कमलेश म्हणाला आणि हसायला लागला. मला हसू आलं नाही. कित्येक महिन्यांनी मला राग आला, असा की कानशिलं तापली. मी तशीच निथळत आत गेले, दार भिंतीवर आपटलं. "दांडा उलटा आहे म्हणून सांगायचं नाही का रे? तोंडाने सांगायचं होतं फक्त! ओरडले मी, ऐकू आलं नाही?"

तो पलंगाच्या कडेवर बसलेला होता. दोन्ही पाय खाली, फरशीवर टेकलेले. डाव्या हाताने गादीची कड इतकी घट्ट धरली होती की नखं पांढरी पडली होती. "आलं," तो म्हणाला. "उठत होतो गं. पाय खाली घेतले." त्याने पायांकडे बघितलं, ते दुसऱ्या कोणाचे असावेत तसं. "पुढचं नाही जमलं."

माझा राग गेला कुठे ते कळलं नाही. मी त्याच्याशेजारी बसले, गादी ओली झाली. बाहेर कमलेश पाणी लोटत होता, खराट्याचा आवाज येत होता. "प्लंबर आहे ना तो?" सिद्धेशने विचारलं. मी मान हलवली. आता तो काहीतरी म्हणेल म्हणून मी अंग चोरलं. "बरं केलंस," तो म्हणाला. "आधीच बोलवायचंस." मग तुकड्या-तुकड्यांनी, तोंडाला कोरड पडलेल्या माणसासारखी जीभ फिरवत: "रोज वाटायचं, आज उठू. मग थेंब पडायचा. वाटायचं, तू विचारतेयस. तू ठाण्याला गेलीस तरी विचारायचीस. दिवसभर. उशी घ्यायचो कानावर. त्या दिवशी पाना पाडलास. मला कळलं होतं कशाला पाडतेयस ते. म्हणून दार लावलं. राग नव्हता. ऐकवेना."

मी औषध म्हणून ठेवला होता तो नळ. चार इंची भिंतीपलीकडे, त्याला ऐकू जाईल असा, रात्रंदिवस. डॉक्टरांनी झाडांना पाणी घालायला सांगितलं होतं, भाजी निवडायला सांगितलं होतं. नळ मी निवडला, कारण मला भाजी निवडणारा सिद्धेश नको होता, माझा जुना हवा होता. "चुकलं माझं," मी म्हटलं. त्याने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "आणखी काय काय राहिलंय घरात?" विचारताना त्याने गादीची कड आणखी घट्ट धरली. मला एकदम सगळं डोळ्यांपुढे आलं, गॅलरीच्या दाराची अडकणारी कडी, ओट्याखालच्या कपाटाचं लोंबणारं दार, बेसिनखालची नळी. "काही नाही," मी म्हटलं. "एवढं एकच होतं. झालं ते." त्याने गादीची कड सोडली. मी त्याचे पाय उचलून वर ठेवले, माझ्या पदराने पुसायला गेले तर पदरच ओला, म्हणून चादरीने पुसले. तो भिंतीकडे वळला नाही, उताणाच पडला, आणि बघता बघता त्याचं तोंड किंचित उघडलं आणि श्वास संथ झाला.

मी दार लोटून बाहेर आले. कमलेशने नवा एल्बो, नवा नळ बसवला होता आणि त्याच्यावरचे बोटांचे डाग फडक्याने पुसत होता. "झालं ताई. खालच्या आजींना सांगा, भिंत वाळायला वेळ लागेल. आणखी काही आहे का?" मी त्याला गॅलरीची कडी दाखवली, कपाटाचं दार दाखवलं. त्याने बिजागरी हलवून बघितली, पिशवीतून हातोडी काढली आणि मग त्याचं आतल्या खोलीकडे लक्ष गेलं. पहिल्यांदाच त्याने आवाज खाली घेतला. "ठोकाठोकी होईल. आवाजाने उठतील ना साहेब?"

"नाही उठणार," मी म्हटलं. किती सहज निघालं ते तोंडातून. कमलेशने मान डोलावली आणि खिळा धरला, आणि मग मात्र मला रडू आलं.